क्वार्टर गिळलं, पण ड्रायर फिरेना! लाँड्रीच्या मशीनमध्ये नाणं नेमकं कुठं अडकतं?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या कुठल्याही मराठी पोराला किंवा पोरीला विचारा, पहिल्या महिन्यात तिथं सगळ्यात जास्त काय शोधलं? उत्तरात तूरडाळ येईल, स्वस्तातलं सिमकार्ड येईल आणि बऱ्याच जणांच्या उत्तरात क्वार्टर येईल. क्वार्टर म्हणजे २५ सेंटचं नाणं. डॉलरचा पाव भाग.

हे नाणं लागतं कपडे धुवायला आणि वाळवायला. तिकडं भाड्याच्या अनेक घरांत स्वतःचं वॉशिंग मशीन नसतं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक लाँड्री रूम असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटमध्ये जावं लागतं. थंडीत बाहेर दोरीवर कपडे वाळत नाहीत आणि कित्येक इमारतींत बाल्कनीत कपडे टाकायला परवानगीच नसते. मग कपडे ड्रायरमध्ये टाकायचे आणि वरून क्वार्टर टाकायची. कार्डवर आणि अ‍ॅपवर चालणारी मशीन आता वाढली आहेत, पण नाण्यांवर चालणारी अजूनही भरपूर आहेत. म्हणूनच लोक बँकेत जाऊन क्वार्टरचा रोल घेऊन येतात. नारिंगी कागदात गुंडाळलेली ४० नाणी, म्हणजे १० डॉलर.

घोळ होतो तो पुढं. ओल्या कपड्यांची बादली शेजारी, हातात शेवटची चार क्वार्टर. ती टाकली, खळ्ळकन आवाज आला, नाणी आत गेली. डिस्प्लेवर मात्र शून्य.

ग्राहक मशीनला दोन थपडा मारतो. मालक मेकॅनिकला फोन लावतो. मेकॅनिक घाईत असेल तर थेट कंट्रोल बोर्डच बदलतो आणि शेकडो डॉलरचं बिल हातात ठेवतो. आणि पुष्कळदा खरा दोषी निघतो तो कपड्यांतून उडालेला चिमूटभर बुरा.

असं का होतं, हे समजून घ्यायचं असेल तर नाण्याच्या मागं मागं मशीनच्या आत जावं लागेल.

मशीनला पैसे कळतच नाहीत

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची. ड्रायरला डॉलर कळत नाही, सेंट कळत नाही, नाण्यावरचा वॉशिंग्टन तर अजिबात कळत नाही. ड्रायरच्या कंट्रोल बोर्डला फक्त एक विजेचा ठोका कळतो. त्याला तंत्रज्ञ पल्स म्हणतात. एक ठोका आला की बोर्ड म्हणतो, एक नाणं आलं. ठरलेले ठोके झाले की तो म्हणतो, चला, एवढी मिनिटं फिरायचं.

म्हणजे नाणं टाकल्यापासून ड्रम फिरेपर्यंत तीन कामं होतात. पहिलं काम ओळखण्याचं, हे नाणं खरं आहे का? दुसरं काम मोजण्याचं, खरं नाणं आत गेलं याचा ठोका बोर्डापर्यंत पोहोचवायचा. तिसरं काम हुकमाचं, बोर्डानं ठोके मोजून मोटार आणि हीटर सुरू करायचा. ही तिन्ही कामं वेगवेगळे भाग करतात. त्यामुळं बिघाड झाला की पहिला प्रश्न एकच विचारायचा, या तिघांपैकी थांबलंय कोण?

ही कल्पना तशी फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या ग्रीक संशोधकानं देवळात पवित्र पाणी देणाऱ्या एका यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. वरच्या फटीतून पाच द्राख्माचं नाणं टाकायचं, ते आतल्या तरफेवर पडायचं, तरफ झुकली की झडप उघडायची आणि पाणी यायचं. नाणं घरंगळून खाली पडलं की झडप बंद. नाणं पडणं, काहीतरी हलणं आणि माल मिळणं, हे तेव्हाही होतं आणि आजच्या ड्रायरमध्येही तेच आहे. फक्त हेरॉनच्या यंत्राला वजनाशिवाय काहीच कळत नव्हतं. तेवढ्याच वजनाचा दगड टाकला असता तरी पाणी आलं असतं.

मग खरं नाणं ओळखतं कोण?

अमेरिकेचं क्वार्टर २४.२६ मिमी रुंद, १.७५ मिमी जाड आणि ५.६७ ग्रॅम वजनाचं असतं. आत तांब्याचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा थर. मशीन याच गोष्टी तपासतं.

जुन्या यांत्रिक पद्धतीत हे काम वीज न वापरता होतं. फटीतून नाणं घरंगळत खाली येतं. आधी त्याचा आकार आणि वजन एका छोट्या पाळण्यात तपासलं जातं. नाणं लहान असेल तर मधूनच निसटून परतीच्या खिशात पडतं. मग नाणं एका कायमस्वरूपी चुंबकाच्या समोरून जातं. लोखंडी चकती असेल तर ती तिथंच चिकटते. तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही, पण त्याचा वेग कमी होतो.

चुंबकाला न चिकटणारं नाणं हळू का होतं? शाळेतला एक प्रयोग आठवा. तांब्याच्या नळीत चुंबक सोडला तर तो सावकाश खाली येतो. धातू आणि चुंबक एकमेकांसमोरून सरकले की धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते या हालचालीला विरोध करतात. धातू कोणता आहे यावर हा ब्रेक किती लागणार ते ठरतं. खरं क्वार्टर ठरलेल्या वेगानं बाहेर पडतं, म्हणून ते ठरलेल्या जागी उडी घेतं आणि पैशांच्या पेटीकडं जातं. खोट्याचा वेग चुकतो, उडी चुकते, ते परत येतं. सगळा खेळ गुरुत्वाकर्षण आणि चुंबकाचा.

नव्या इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेप्टरमध्ये चुंबकाच्या जागी तारेची वेटोळी असतात. त्यांच्यात बदलता विद्युतप्रवाह खेळवलेला असतो. नाणं समोरून गेलं की त्या वेटोळ्यांच्या सिग्नलमध्ये फरक पडतो. प्रत्येक नाण्याचा फरक वेगळा, जणू त्याचा अंगठ्याचा ठसाच. ठसा जुळला तर आतली छोटी फळी उघडते आणि नाणं पेटीत जातं. नाही जुळला तर फळी बंदच राहते आणि नाणं परत.

या ठशाचा धाक इतका मोठा आहे की त्यापुढं अमेरिकन सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. १९६५ पर्यंत क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी असायची. चांदी महाग झाली, नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा धातू बदलायचं ठरलं. पण देशभरात नाण्यांवर चालणारी असंख्य यंत्रं होती. ती सगळी बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून तांब्याच्या गाभ्याचं असं नाणं निवडलं गेलं, ज्याचे विजेचे गुणधर्म जुन्या चांदीच्या नाण्याच्या जवळ जातील आणि जुनी यंत्रं दोन्ही नाणी घेतील.

तेव्हापासून क्वार्टरवरची चित्रं कितीदा तरी बदलली. १९९९ ते २००८ या काळात ५० राज्यांची नाणी आली, नंतर राष्ट्रीय उद्यानांची आली, २०२२ पासून कर्तृत्ववान अमेरिकन स्त्रियांची आली. ड्रायरनं तक्रार केली नाही. कारण आकार, वजन आणि धातू तेच राहिले.

शेजारच्या देशाचं नाणं मात्र ड्रायरला चकवा देतं, निदान माणसाला तरी देतंच. कॅनडाचं २५ सेंटचं नाणं २३.८८ मिमी रुंद असतं. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सुट्ट्या पैशांत ते सहज मिसळतं. पण २००० नंतरचं कॅनडाचं नाणं पोलादाचं असतं आणि त्याचं वजन ४.४ ग्रॅम असतं. पोलाद म्हटल्यावर चुंबक आलाच. ते नाणं चुंबकाला जाऊन चिकटतं आणि मागून येणाऱ्या प्रत्येक खऱ्या क्वार्टरची वाट अडवून बसतं. अशा वेळी परतीचं बटण किंवा दांडी पूर्ण दाबायची. यांत्रिक अ‍ॅक्सेप्टरमध्ये तिचं कामच हे असतं की चुंबकासमोरची जागा उघडायची आणि चिकटलेलं नाणं खरवडून खाली पाडायचं.

ठोका जातो कसा?

नाणं पास झालं. आता ते पेटीत पडताना एका ठिकाणी त्याची हजेरी लागते. जुन्या मशीनमध्ये तिथं मायक्रोस्विच असतो. त्याची केसाएवढी बारीक तार नाण्याच्या वाटेत आडवी आलेली असते. नाणं तिला ढकलून जातं, स्विच क्षणभर दाबला जातो आणि ठोका जातो.

नव्या मशीनमध्ये ऑप्टिकल सेन्सर असतो. एका बाजूला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा बारीक दिवा, समोर तो प्रकाश पकडणारा डोळा. नाणं मधून गेलं की प्रकाश क्षणभर तुटतो. तुटून परत जुळला की बोर्ड म्हणतो, एक नाणं.

इथं वेळेला फार महत्त्व आहे. नाणं डोळ्यासमोरून सेकंदाच्या छोट्याशा भागात निघून जातं. प्रकाश त्याहून जास्त वेळ अडलेला दिसला तर बोर्डाला संशय येतो. एकतर काहीतरी अडकलं आहे, नाहीतर कुणीतरी नाण्याला दोरा बांधून वरखाली करतंय. हा दोऱ्याचा उद्योग लोकांनी खरंच केलेला आहे. त्यामुळं अनेक बोर्ड अशा वेळी नाणी मोजणंच थांबवतात आणि डिस्प्लेवर एररचा कोड दाखवतात. कोणता कोड कशाचा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघायचं असतं.

याशिवाय अपार्टमेंटमधल्या जुन्या मशीनवर कॉइन स्लाइडही दिसते. खाचांत नाणी उभी करायची आणि अख्खी पट्टी आत ढकलायची. सगळ्या खाचा बरोबर भरल्या असतील तरच पट्टी आत जाते. एखादं नाणं वाकडं असेल किंवा खाचेत कचरा असेल तर पट्टी अर्ध्यावर अडते. मग माणूस जोर लावतो, नाणं आणखी घट्ट बसतं.

ड्रायरचं खास दुखणं

नाण्याचा हाच भाग कोल्ड्रिंकच्या मशीनमध्येही असतो. मग ड्रायरमध्येच एवढा त्रास का?

कारण ड्रायर रोज बुरा तयार करतो. सुती टीशर्ट, टॉवेल, चादरी गरम हवेत गरगर फिरतात तेव्हा त्यांच्यातून बारीक तंतू सुटतात. यालाच लिंट म्हणतात. बराचसा लिंट जाळीत अडकतो, पण थोडा खोलीतल्या हवेत उडतो आणि फटींमधून नाण्याच्या खोबणीत जाऊन बसतो. त्यात लाँड्री रूममधला ओलावा. त्यात कपडे मऊ करणाऱ्या ड्रायर शीटचा मेणचट अंश. त्यात नाण्यांवरून आलेला हातांचा घाम आणि मळ. सगळं मिळून एक चिकट थर तयार होतो.

हा थर पाळण्यावर बसला की वजनाची तपासणी चुकते. वाटेत बसला की नाण्याचा वेग कमी होतो आणि खरं नाणंसुद्धा खोटं ठरतं. सेन्सरच्या डोळ्यावर बसला की त्याला कायमच समोर नाणं दिसतं.

आणि नेमकी इथंच बऱ्याच जणांची चूक होते. नाणं अडकतंय म्हटल्यावर तेलाचा फवारा मारला जातो. दोन दिवस मशीन मस्त चालतं. तिसऱ्या दिवशी त्या तेलावर आणखी लिंट चिकटतो आणि आधीपेक्षा घट्ट लगदा होतो. नाण्याच्या वाटेत तेल घालायचं नसतं. ती वाट कोरडी आणि स्वच्छ ठेवायची असते. मऊ ब्रश, हवेचा झोत आणि चिकटपणा असेल तर धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढं पुरतं. सेन्सरचा डोळा तर अगदी हलक्या हातानं पुसायचा.

लक्षणावरून रोग ओळखायचा

आता मुद्द्याचं. मालकानं किंवा मेकॅनिकनं मशीन उघडण्याआधी फक्त एक करायचं. एक चांगलं, स्वच्छ क्वार्टर टाकायचं आणि ते कुठं जातं ते बघायचं. आधी वीज बंद करून मगच हात घालायचा हा नियम मात्र सोडायचा नाही. अमेरिकेतले विजेवरचे ड्रायर सहसा २४० किंवा २०८ व्होल्टवर चालतात. नाण्याच्या भागात कमी व्होल्टेज असलं तरी बाकीचं मशीन तसं नसतं.

१. नाणं फटीतच अडकतं.
वाकडं नाणं, च्युइंगम, कागदाची घडी किंवा आत चिकटलेलं दुसरं नाणं, यातलं काहीतरी असतं. परतीचं बटण पूर्ण दाबून बघायचं. दुसरं नाणं टाकून पहिलं ढकलायला जायचं नाही. एकाच्या जागी दोन अडकतात.

२. प्रत्येक नाणं परत येतं.
यात आधी नाणं बघायचं, कॅनडाचं तर नाही ना. नाणं ठीक असेल तर अ‍ॅक्सेप्टर बघायचा. यांत्रिक असेल तर चुंबकावर लोखंडाचा कीस जमला आहे का, पाळणा मोकळा हलतो का, मशीन एका बाजूला कललेलं तर नाही ना, हे तपासायचं. गुरुत्वाकर्षणावर चालणारी गोष्ट तिरकी झाली की हिशोब चुकतोच. इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याला वीज मिळतेय का ते बघायचं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेप्टरची फळी वीज असली तरच उघडते. वीज नसेल तर प्रत्येक नाणं परतीच्या वाटेनं जातं. म्हणजे अ‍ॅक्सेप्टर खराब नसतो, त्याची वायर निघालेली असते.

३. नाणं आत जातं, पण मोजलं जात नाही.
सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, कारण पैसे गेलेले असतात. इथं ओळखण्याचं काम झालेलं आहे, मोजण्याचं अडलं आहे. सेन्सरवर लिंट, मायक्रोस्विचची वाकलेली तार, कंप पावून सैल झालेला कनेक्टर, या क्रमानं बघायचं. मायक्रोस्विच तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. वीज बंद करून स्विचच्या वायरी काढायच्या, कंटिन्युइटीवर मीटर लावायचा आणि तार बोटानं दाबायची. दाबल्यावर आणि सोडल्यावर मीटर बदलला नाही तर स्विच गेला.

४. सकाळी चालतं, संध्याकाळी नाणी घेत नाही.
यात मोठा विनोद आहे. पुष्कळदा पैशांची पेटी भरलेली असते! नाण्यांचा ढीग वर चढत चढत सेन्सरपर्यंत येतो. शेवटचं नाणं डोळ्यासमोरच अडकून बसतं. बोर्डाला वाटतं काहीतरी अडकलंय आणि तो मोजणं बंद करतो. त्यात भर म्हणजे दुरुस्तीच्या दाराची किल्ली आणि पैशांच्या पेटीची किल्ली बऱ्याचदा वेगळी असते, म्हणजे मेकॅनिकच्या हाती रोकड लागू नये. त्यामुळं मेकॅनिकला पेटी उघडून बघताच येत नाही आणि तो भलतीकडंच शोधत बसतो. शनिवार-रविवारी, म्हणजे गर्दीच्या दिवशीच हा बिघाड येत असेल तर पहिला संशय पेटीवर घ्यायचा.

५. चार नाणी टाकली, तीनच मोजली.
सेन्सर पूर्ण आंधळा नाही, अर्धा झाकलेला आहे. किंवा नाणी घाईघाईनं एकामागं एक टाकली गेली आणि दोन नाण्यांचा एकच ठोका झाला. एकेक नाणं सावकाश टाकून बघितलं की कारण कळतं. सावकाश टाकूनही चुकत असेल तर साफसफाई हवी.

६. पैसे मोजले, पण मिनिटं कमी मिळाली.
इथं नाण्याचा काही संबंध नाही. एका ठोक्याला किती मिनिटं, हे बोर्डाच्या सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं. दर बदलताना दहापैकी नऊ मशीन बदलली आणि एक राहिलं, किंवा बोर्ड नवीन बसवला आणि त्यात कारखान्याचंच सेटिंग राहिलं, असं होतं. बाहेरचा बोर्ड एक दर सांगतो, आतला बोर्ड दुसरा.

७. मिनिटं दिसतात, ड्रम फिरत नाही.
ओळखणं झालं, मोजणं झालं, म्हणजे नाण्याचा भाग निर्दोष सुटला. आता दाराचा स्विच, लिंटच्या कप्प्याचं झाकण, स्टार्टचं बटण, पट्टा आणि मोटार यांच्याकडं वळायचं. कित्येकदा दार नीट लागलेलं नसतं, एवढंच.

आणि एक आठवं लक्षण आहे, ज्यात मशीन बिघडलेलंच नसतं. लाँड्रोमॅटमध्ये ड्रायर एकावर एक ठेवलेले असतात. दोघांच्या नाण्यांच्या फटी शेजारी शेजारी असतात. कपडे खालच्यात आणि नाणी वरच्यात, असं रोज कुणीतरी करतं. म्हणून भांडण्याआधी शेजारच्या डिस्प्लेवर एक नजर टाकलेली बरी. कदाचित रिकामा ड्रायर आपल्याच पैशांवर फिरायला तयार बसलेला असतो.

बोर्ड बदलायच्या आधी एक युक्ती

लाँड्रोमॅटच्या मालकाकडं एक गोष्ट असते, जी घरगुती मशीनवाल्याकडं नसते. शेजारी अगदी तसंच दुसरं मशीन उभं असतं.

वीज बंद करून बिघडलेल्या ड्रायरचा अ‍ॅक्सेप्टर काढायचा आणि शेजारच्या चांगल्या ड्रायरला लावायचा. तिकडचा इकडं. बिघाड अ‍ॅक्सेप्टरबरोबर शेजारी गेला तर दोष अ‍ॅक्सेप्टरचा. बिघाड जागचा हलला नाही तर दोष वायरिंगचा किंवा बोर्डाचा. पाच-दहा मिनिटांच्या या अदलाबदलीत अंदाजानं भाग बदलत बसण्याचा खर्च वाचतो. दोन्ही मशीन एकाच मॉडेलची आणि अ‍ॅक्सेप्टर एकाच प्रकारचे हवेत, एवढी एकच अट.

बोर्डाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी नाणं, मग वाट, मग पेटी, मग सेन्सर, मग वायर आणि मग बोर्ड. स्वस्तातून महागाकडं जायचं.

ग्राहकानं काय करायचं?

पैसे अडकले की पहिली चूक म्हणजे आणखी पैसे टाकणं. दुसरी चूक म्हणजे मशीन बडवणं. यांत्रिक अ‍ॅक्सेप्टरचा पाळणा नाजूक असतो, धक्क्यानं तो जागचा हलतो आणि पुढच्या माणसाचेही पैसे अडकतात. तिसरी चूक म्हणजे फटीत केसांची पिन किंवा सुरीचं टोक घालणं. त्यानं सेन्सर मोडू शकतो आणि वरून मशीन फोडायचा प्रयत्न केला असा आरोपही येऊ शकतो. नाण्याऐवजी चकती टाकणं तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार गुन्हा आहे.

करायचं काय, तर परतीचं बटण एकदा नीट दाबायचं. नाही आलं तर मशीनवरचा नंबर, वेळ, किती नाणी टाकली आणि डिस्प्लेवर काय दिसत होतं, याचा मोबाईलवर फोटो काढायचा. अपार्टमेंटमधली मशीन अनेकदा घरमालकाची नसतातच. ती एखाद्या कंपनीनं बसवलेली असतात आणि उत्पन्नातला वाटा घरमालकाला मिळतो. त्यामुळं तक्रार घरमालकाकडं करून उपयोग होईलच असं नाही. मशीनवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा फोन नंबर किंवा क्यूआर कोड हाच खरा पत्ता. आणि तक्रारीत फक्त "मशीन खराब आहे" असं सांगण्यापेक्षा "नाणी आत गेली, पण मोजली नाहीत" किंवा "प्रत्येक नाणं परत येतंय" असं सांगितलं तर मेकॅनिक योग्य ती तयारी करून येतो.

एक डॉलर गेला तर काय बिघडलं, असं इथं बसून वाटू शकतं. पण हातात मोजून क्वार्टर घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न फक्त डॉलरचा नसतो. ओले कपडे घेऊन परत जायचं आणि सकाळी कामावर घालायला कोरडं काही नाही, हा प्रश्न असतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेत नाण्यांचं चलनवलन अडलं आणि मध्यवर्ती बँकेनं जूनपासून बँकांना मोजूनमापून नाणी द्यायला सुरुवात केली. तेव्हा खिशातलं प्रत्येक क्वार्टर जपून वापरायची वेळ आली होती.

भारतात असं का नाही?

नाण्यावर चालणारी यंत्रं आपल्याकडंही होती. रेल्वे स्टेशनवरचं रंगीत दिव्यांचं वजनकाटा मशीन, ज्यातून वजनाबरोबर भविष्याचं कार्ड यायचं. किराणा दुकानाबाहेरचा एक रुपयाचा फोन, जो वेळ संपत आली की टुक टुक करायचा. तिथंही नाणं अडकायचं आणि तिथंही लोक थपडा मारायचे.

पण आपल्या नाण्यांनी यंत्रांची फार परीक्षा घेतली. १९९२ पासूनचं स्टीलचं एक रुपयाचं नाणं २५ मिमीचं होतं. २०११ च्या मालिकेत ते साधारण २२ मिमीचं झालं आणि २०१९ च्या मालिकेत २० मिमीचं. ही सगळी नाणी एकाच वेळी बाजारात चालतात. माणूस वरचा आकडा वाचून समजून घेतो. मशीनला आकडा वाचता येत नाही, त्याला फक्त आकार, वजन आणि धातू कळतो. त्याच्यासाठी ही तीन वेगळी नाणी आहेत.

त्यानंतर २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आपल्याकडं नव्यानं सुरू होणाऱ्या सेल्फ सर्व्हिस लाँड्रींना नाण्याच्या वाटेला जायची गरज फारशी उरली नाही. अमेरिकेतही तेच वारं वाहतंय. पण गंमत अशी की कार्ड रीडर किंवा क्यूआरचं यंत्र जुन्या ड्रायरला जोडलं तरी ते शेवटी अनेकदा तोच ठोका पाठवतं, जो नाणं पाठवायचं. बोर्डाला वाटतं नाणंच पडलं. मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला आणि ड्रायर मात्र फिरला नाही, तर प्रश्न पुन्हा तेच तीन विचारायचे. पैसे ओळखले गेले का, ठोका पोहोचला का, हुकूम सुटला का? आणि त्या तिघांच्या मध्ये कुठंतरी लिंट बसलाय का, हे बघायला विसरायचं नाही.